चीजवालीचं पथ्य

लोकांच्या सुना सासूने गप्प बसावं म्हणून देवाला हात जोडतात. मी सासूने बोलावं म्हणून जोडत होते. कसंही बोलावं, टाकून बोलावं, माझ्या माहेरचा उद्धार करावा, पण एकदा तोंड उघडावं. देवालाही हसू आलं असेल, असली मागणी घेऊन येणारी मीच पहिली असणार.

आमचं घर चीजवाल्यांचं. खाली तळघर, मध्ये दुकान आणि दूध तापवायची खोली, वर आम्ही. नवरा सकाळी गाडी घेऊन दूध आणतो. दुपारपर्यंत ते फाटतं, निथळतं, साच्यात दाबलं जातं, मग मीठपाण्यातून निघून तळघरातल्या लाकडी फळ्यांवर जाऊन बसतं. ढकलगाडीच्या चाकाएवढं असतं, म्हणून आम्ही त्याला चाकच म्हणतो. तिथे ते मुरतं. कुणी काही महिने, कुणी दोन-तीन वर्षं. त्याला उलटायचं, साल पुसायची, आणि वाट बघायची. आता हे चाक बाहेर काढायचं की अजून ठेवायचं, हे ठरवणारं माणूस घरात एकच होतं. आमच्या सासूबाई.

त्या आधी बोटाच्या पेराने चाकावर टकटक करायच्या आणि कान लावायच्या. मग पोकळ सळई आत खुपसायची, फिरवायची, बोटभर गाभा बाहेर काढायचा. आधी नाकाशी, मग चिमूटभर जिभेवर. चघळायचा आणि बादलीत थुंकायचा. थुंकायचाच, कारण एका सकाळी वीस चाकं चाखणारा गिळत बसला तर दुपारी त्यालाच फळीवर ठेवावं लागेल. उरलेला गाभा परत भोकात बसवून वरून अंगठा फिरवला की भोक कुठे होतं ते कळत नाही. आमच्याकडे ह्याला कुणी खाणं म्हणत नाही. खाणं जेवणाच्या टेबलावर. तळघरात असतं ते काम.

मी लग्न होऊन आले तेव्हा ह्या बाईंच्या नाकावर राग आणि जिभेवर धार होती. आणि मीही काही मूग गिळून बसणाऱ्यातली नव्हे. आमचं रोज वाजायचं. नवरा दुधाच्या फेऱ्या मुद्दाम लांबवायचा.

मग एका हिवाळ्यात त्या थांबल्या. कुणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं, काही म्हणजे काही झालं नव्हतं. आधी तळघरात जाणं सुटलं, मग स्वयंपाकघरात येणं, मग केस विंचरणं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. मी मुद्दाम खोड काढावी, मिठाचं प्रमाण चुकवून त्यांना सांगावं, तर म्हणायच्या, "असू दे." असू दे! मीठ चुकलं आणि सासूबाई म्हणतात असू दे!

शेजारपाजार शहाणा. "एवढं भरलं घर, हिला कमी काय?" "जरा फिरायला न्या." "मनाला लावून घेऊ नका म्हणावं." अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. पाय मोडलेल्याला कुणी पळायला नेतं का? डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कित्येक आठवडे वाट पाहिली, फरक नाही. दुसऱ्या दिल्या, पुन्हा वाट. तिसऱ्या, मग दोन एकत्र. पालथ्या घड्यावर पाणी. एक दिवस नवरा दूध घेऊन आला आणि गाडीतून खालीच उतरेना. जाऊन बघते तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडतोय.

शेवटी कुणीतरी एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी सगळे कागद वाचले आणि म्हणाले, "एक जुनं औषध आहे. एमएओ इन्हिबिटर म्हणतात त्या जातीचं. हल्ली फारसं कुणी लिहून देत नाही, कारण पथ्य कडक आहे. पण बाकी सगळं हरलं की कधीकधी हेच माणसाला उठवतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. शरीरात एक झाडूवाला आहे असं समजा. मन उभं धरणारी रसायनं मेंदूत असतात, ती तो झाडून टाकत असतो. हे औषध त्याचे हात बांधतं, म्हणजे रसायनं टिकतात. पण तोच झाडूवाला आतड्यातही असतो. जुन्या, मुरलेल्या, आंबलेल्या पदार्थांत एक द्रव्य तयार होतं, ते एरवी तो साफ करतो. त्याचे हात बांधले की ते थेट रक्तात जातं आणि रक्तदाब असा उसळतो की डोक्यातली नससुद्धा फुटू शकते.

"तेव्हा सुकवलेलं जुनं मांस नाही, सोया सॉस नाही, पिंपातली बिअर नाही," ते बोटांवर मोजत म्हणाले. "सर्दी-खोकल्याची गोळीही मला विचारल्याशिवाय नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुरलेलं चीज. त्याचं नावही काढायचं नाही. बरं, तुमचा व्यवसाय काय?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो.

"चीज," नवरा म्हणाला.

"विकता?"

"बनवतो. आणि चाखायचं काम आईचं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सासूबाई खाली बघत होत्या. "द्या," त्या म्हणाल्या, "मला आता कशालाच चव नाही."

महिनाभराने एका सकाळी मी त्यांच्या उशाशी चहा ठेवला आणि वळले, तर मागून आवाज आला, "हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?" मी तशीच न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले.

त्यानंतर सुंभ जळला तरी पीळ शाबूत हे आम्ही रोज अनुभवलं. बाई उठल्या, केस विंचरले, तळघरात उतरल्या. टकटक करायच्या, कान लावायच्या, वासही घ्यायच्या, पण जिभेवर कण नाही. जीभ माझी लागायची.

"कसं लागतंय?"

"बरं लागतंय."

"बरं हे काय चवीचं नाव आहे? आधी काय लागलं, मग काय लागलं, गेल्यावर काय उरलं?"

"आधी लोण्यासारखं. मग... अक्रोडासारखं. मग जरा टोचतं."

"कुठे टोचतं? जिभेच्या कडेला की घशाशी?"

"कडेला."

"मग ठेव अजून. घशाशी टोचलं असतं तर हातचं गेलं होतं."

असं आमचं चालायचं. जीभ माझी, डोकं त्यांचं. शिकता शिकता मीच आधी ठेव किंवा काढ म्हणायला लागले, आणि त्या नुसत्या हुं म्हणायच्या. शाबासकी नाही. कधी म्हणजे कधी नाही. पण सात वर्षं त्या उभ्या होत्या, बोलत होत्या, भांडत होत्या, आणि मला त्याहून जास्त काही नको होतं.

मग ह्या वर्षी औषधवाल्या काकांनी हात वर केले. "कंपनीने बनवणं बंद केलंय हो. खप नाही. जुनं, स्वस्त औषध, घेणारी माणसं मोजकी. कोण यंत्र चालवणार त्यांच्यासाठी?"

"मोजकी म्हणजे माणसं नव्हेत का?" मी त्यांच्यावरच खेकसले. बिचाऱ्यांचा काय दोष. त्यांनी दुसऱ्या गावांना फोन लावले, एका ठिकाणी थोड्या गोळ्या होत्या त्या मागवून दिल्या. पण किती दिवस पुरणार? म्हातारे डॉक्टर तोवर काम सोडून लेकीकडे राहायला गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मनाच्या सरळ. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "हे औषध मी स्वतः कधी कुणाला दिलेलं नाही. शिकले आहे, त्यामुळे जपूनच वागेन."

त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे परदेशात एक कंपनी अजून हे बनवते, तिथून खास परवानगीने मागवायचं. पण परवानगी कधी मिळेल, मिळेल का, कुणी सांगावं. दुसरी वाट नवीन जातीच्या गोळीची.

"आणि ती चालली तर," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "तुमचं पथ्यही सुटेल. चीज खाता येईल."

नवऱ्याचा चेहरा दिव्यासारखा उजळला. मला मात्र धडकी भरली. त्या जातीच्या गोळ्या आधी घेऊन झाल्या होत्याच की! शिवाय मधे एक दरी होती. जुनी गोळी आणि नवी एकमेकींत मिसळल्या तर जिवावर बेततं, म्हणून जुनी थांबवून दोन आठवडे काहीच घ्यायचं नाही.

"आणि हे नीट ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी थांबली म्हणजे पथ्य सुटलं असं नाही. मुरलेलं साफ करणारं ते द्रव्य शरीराला नव्याने तयार करायला वेळ लागतो. ते दोन आठवडेही चीज खायचं नाही. अजिबात."

सासूबाईंनी मान हलवली.

घरी येऊन आमचं नवरा-बायकोचं जुंपलं. "अहो, पुन्हा तोच खेळ? त्या परत झोपल्या तर?"

"ह्या गोळ्या नवीन आहेत."

"नवीन असल्या म्हणून काय झालं? तुम्हाला आठवत नाही का ते दिवस?"

"मला आठवत नाही?" तो एवढंच म्हणाला, आणि मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

"मला विचारा की कुणीतरी," सासूबाई दारातून म्हणाल्या. "मिळत नाही त्या गोळीमागे किती धावायचं? बदलू. झालं."

मी डॉक्टरीणबाईंना फोन करून परवानगीचा अर्ज मात्र करायला लावला. असू दे करून, म्हटलं, त्रास तो काय. त्याही लगेच हो म्हणाल्या.

गोळ्यांच्या शेवटच्या आठवड्यात सासूबाई फारच शहाण्यासारख्या वागायला लागल्या. कुठल्या हॉटेलवाल्याला कसं चीज लागतं, मीठपाणी कधी बदलायचं, ओल आली तर कुठली खिडकी उघडायची, सगळं मला परत परत सांगायच्या. भांडण म्हणून नाही. मी आपली समजले, बाईंना चीज खायचे डोहाळे लागलेत, म्हणून खुशीत आहेत. गोळ्या संपल्या. एक दिवस गेला, दोन गेले. त्या जरा सुस्त वाटल्या, पण उठत होत्या.

त्यानंतरच्या सकाळी मी दुकानात गिऱ्हाईक करत होते. तळघराच्या जिन्यावरून पावलं आली आणि मधेच थांबली. बघते तर सासूबाई पायरीवर बसलेल्या, दोन्ही हातांनी मानेमागे डोकं धरलेलं, चेहरा लालबुंद, घाम सुटलेला.

"डोकं फुटतंय गं," त्या म्हणाल्या, आणि तिथेच ओकल्या.

नवऱ्याने त्यांना दुधाच्या गाडीतूनच दवाखान्यात नेलं. मी मागे बसून त्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. मी घरातून उचललेली गोळ्यांची रिकामी डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी नाव वाचून लगेच विचारलं, "चीज खाल्लंय?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"छे हो," नवरा म्हणाला. "सात वर्षांत नाही."

डॉक्टर दुसरं कारण शोधायला लागले. डोक्याचा फोटो काढायचं बोलायला लागले. मी सासूबाईंच्या तोंडावर वाकले होते. माझं नाक त्यांनीच तयार केलेलं. मला वास आला. दोन वर्षांच्या मुरलेल्या चाकाचा, अगदी स्वच्छ.

"आई, सळई लावलीत?"

त्यांनी डोळे मिटले. "थुंकलं की मी," त्या पुटपुटल्या. "खाल्लं कुठे?"

अरे देवा! बाई खोटं बोलतच नव्हत्या. डॉक्टरीणबाई खायचं नाही म्हणाल्या होत्या, आणि त्यांनी खाल्लं नव्हतंच. त्या कामाला गेल्या होत्या. आमच्या घरातल्या कुठल्याही माणसाने असंच उत्तर दिलं असतं. मीसुद्धा.

"चाखलंय त्यांनी," मी डॉक्टरांना सांगितलं. "जुनं चीज, बरंचसं, आज सकाळी."

मग त्यांचे हात भराभर चालले. सुई लागली, औषध सुरू झालं, एक नर्सबाई दर थोड्या वेळाने दाब मोजत राहिली. आकडा हळूहळू उतरला. दुपारी सासूबाईंनी पाणी मागितलं आणि पाणी कोमट आहे म्हणून नाक मुरडलं. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. आणि जीव आल्याबरोबर राग आला.

"लहान आहात का तुम्ही? दोन आठवडे धीर धरवत नव्हता? एवढी काय जीभ सुटली होती?"

"ओरडू नकोस, डोकं ठणकतंय."

"ठणकू दे! किती चाकं चाखलीत?"

"तू काढायला सांगितलेली सहा," त्या हळूच म्हणाल्या. "आणि ते कोपऱ्यातलं, अजून ठेवा म्हणालीस ते. तेवढं मात्र थुंकवलं नाही गं. गिळलं."

मला हसू की रडू कळेना. "पण का?"

पलीकडच्या खाटेवर कुणीतरी झोपलं होतं.

"ती नवी गोळी लागू पडली नाही तर मी परत झोपणार," त्या म्हणाल्या. "मला माहितीय. आणि झोपले की मला काही वाटणार नाही, दुकान चालो नाहीतर जळो. तेव्हा तू विचारशील आणि मी म्हणेन, असू दे. म्हणून म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे तोवर बघून घ्यावं. माझ्याशिवाय एकटीची चालते का तुझी जीभ."

"मग?" मी विचारलं.

"सातही बरोबर," त्या म्हणाल्या. "एकही चुकलं नाही. माझ्यावाचून अडत नाही आता तुझं."

सात वर्षं मी ह्या शब्दांची वाट बघितली होती. आणि आता ते मिळाले तर मला ते त्यांच्या तोंडात परत कोंबावेसे वाटले. ही बाई चीजला हपापली नव्हती. ही बाई निरवानिरव करत होती. आठवडाभर तेच करत होती, आणि मी मूर्ख ती खुशीत आहे समजत होते.

"अडतं!" मी ओरडलेच. पलीकडच्या खाटेवरचं माणूस दचकून उठलं. "चीजसाठी नसेल अडत. माझं अडतं. मला तुम्ही हव्या आहात, कळलं का? भांडायला, चहाला नावं ठेवायला, सगळ्याला. मी नाही परत भिंतीकडे वळलेल्या त्या पाठीशी बोलत बसणार!" आणि मग मी त्यांच्याच पदरात तोंड खुपसून रडले.

त्या माझ्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. आधी त्यांनी सासूबाईंना चांगलंच फैलावर घेतलं, आणि मग स्वतःलाही बोल लावला, की चीजवाल्या घरात चाखण्याबद्दल वेगळं सांगायला हवं होतं. मग खुर्ची ओढून बसल्या.

"परवानगी आली आहे," त्या म्हणाल्या. "काल कळलं. परदेशातून माल यायला थोडे दिवस लागतील. नवी गोळी अजून सुरू केलेली नाही, त्यामुळे जुनी पुन्हा घेता येईल. पण आज जे झालं त्यानंतर मला स्पष्ट बोलायला हवं. जुनी घेतलीत तर जन्मभर हेच पथ्य, चाखण्यासकट. आणि ती दर वेळी परदेशातून येणार, कधी उशीर होईल, धाकधूक राहील. नवी घेतलीत तर पथ्य नाही, पण गुण येईल की नाही, ते मी सांगू शकत नाही."

नवरा आईच्या पायाशी उभा होता. त्याने बिचाऱ्याने तिच्या मनासारखंच बोलायचा प्रयत्न केला. "आई, बघ, तुला चीज खाता येईल. आयुष्यभर तेच केलंस तू. गिळलंस ना आज? कसं होतं?"

सासूबाईंचे डोळे भरून आले. त्या भरल्या डोळ्यांनीच हसल्या. "काय सांगू तुला, कसं होतं! पायरीवर बसून रडले मी."

"मग नवी घेऊन बघू या?"

मला ओरडायचं होतं, पण हा निर्णय माझा नव्हता. सासूबाईंनी लेकाकडे बघितलं, मग डॉक्टरीणबाईंकडे मान वळवली.

"चव नाही मिळाली तर आठवता येते," त्या म्हणाल्या. "सात वर्षं आठवलीच की मी. पण जगावंसं वाटणं आहे ना, ते गेलं की आठवतसुद्धा नाही हो. ते कधी होतं हेच आठवत नाही. जुनीच मागवा."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि लिहायला घेतलं. नवरा खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी खाटेच्या कडेला बसले आणि सासूबाईंनी माझ्यासाठी जरा सरकून जागा केली.